स्वस्तात घेतलेला जुना लॅपटॉप, आठ महिन्यांनंतर

२०२५च्या सप्टेंबरात मी एक जुना लॅपटॉप घेतला. आता मे महिना चालू आहे आणि रोज सात-आठ तास माझं काम त्याच्यावरच चालतं. काम मुद्रितशोधनाचं: एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला वर्ड, मागे ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. तुमचं काम त्या जातीचं असेल तर हा अनुभव तुमच्या कामाचा नाही, इथेच सोडून दिलात तरी चालेल.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्यातल्या बऱ्याच कंपनीच्या नाहीत, वयाच्या आणि विकणाऱ्याच्या आहेत. ऑफिसांसाठी बनणाऱ्या मालिकेतलं १४ इंची मॉडेल. इंटेलचा आय५-८३५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. कुठल्यातरी ऑफिसातून लॉटने निघालेला, पुसूनपासून पुन्हा विकायला ठेवलेला. किंमत म्हणाल तर त्याच मालिकेतल्या नव्या लॅपटॉपच्या साधारण एक-तृतीयांश.

इतका स्वस्त का, याचं उत्तर कॅलेंडरात होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत अपडेट बंद होणार होते, म्हणून ऑफिसं जुनी यंत्रं भराभर काढत होती. दुकानात त्यांच्या थप्प्या लागलेल्या. माझ्यासमोर दोन पर्याय ठेवले. दिसायला जुळे भाऊ: तेच झाकण, तोच कीबोर्ड, स्टिकरवर दोन्हीकडे ‘आय५’. एक दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने स्वस्त. मी स्वस्ताकडे हात नेला, तेवढ्यात सोबत आलेल्या भाच्याने विचारलं, “मावशी, यातला सातव्या पिढीचा कुठला?”

स्वस्तातला सातव्या पिढीचा निघाला. आय५-७२००यू; रेघेपुढचा पहिला आकडा पिढी सांगतो. नाव सारखंच असलं तरी त्यात दोन कोअर (प्रत्यक्ष काम उपसणारे भाग), आणि आठव्या पिढीच्या आय५मध्ये चार. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच्या इंटेलवर चालतं. सातव्या पिढीतले अगदी थोडे अपवाद सोडले तर बाकीचे बाहेर. दुकानदार म्हणाला, “अकरा टाकून देतो ना, चालतंय मस्त.” चालतं, हे खरंच आहे. तपासणी चुकवून बसवता येतं. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाकाठी मोठा अपडेट आला की तोच जुगाड पुन्हा करावा लागतो. लोकांची अप्रकाशित पुस्तकं माझ्याकडे असतात. त्यात हा खेळ नको होता. लिनक्स टाकणाऱ्याला मात्र तो सातव्या पिढीचा लॅपटॉप सोन्यासारखा पडला असता. माझ्या प्रकाशकांच्या फाइली वर्डमध्ये ट्रॅक चेंजेससकट, म्हणजे केलेल्या दुरुस्त्यांच्या खुणांसकट येतात, त्यामुळे तो रस्ता माझ्यासाठी बंद.

आता दुकानातल्या त्या अर्ध्या तासाबद्दल, कारण पैसे तिथेच वाचतात किंवा जातात.

दुकानदाराने बॅटरी दाखवली: १०० टक्के. मी खूश. भाच्याने काळी खिडकी उघडून पॉवरसीएफजीची बॅटरी रिपोर्टची आज्ञा दिली आणि एक पान तयार झालं. त्यात दोन आकडे असतात, बॅटरी नवी असताना किती साठवायची तो आणि आज किती साठवते तो. पहिला ४८ वॉट-तास, दुसरा ३१च्या आत. म्हणजे कोपऱ्यातले १०० टक्के हे उरलेल्या ६४ टक्क्यांचे १०० टक्के! हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं हे सांगायला लाज वाटते, पण लिहिते, कारण मला भेटलेल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. त्या पानावर आणखी थोडी किंमत उतरली.

दुसरी गोष्ट, लॅपटॉप तिथेच इंटरनेटला जोडून पहिल्यापासून सेटअप करायला लावला. ऑफिसांची यंत्रं कधीकधी त्या ऑफिसच्या खात्याला दुरून बांधलेली असतात. नेट लागलं की अनोळखी कंपनीच्या नावाने लॉगिन मागतात, आणि फॉरमॅट मारूनही ते जात नाही. आमच्यासमोर शेजारच्या गिऱ्हाईकाच्या लॅपटॉपवर नेमकं तसंच पान आलं. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रणालीला) पासवर्ड असेल तरीही उठून यावं, तो काढणं हे आपलं काम नव्हे.

तिसरी गोष्ट आम्ही नीट बघूनही चुकलो. एसएसडीची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये पाहिली तर ९९ टक्के, आणि ती चालू राहिल्याचे तास फक्त १४. सात वर्षांच्या यंत्रात चौदा तास चाललेली एसएसडी? मला वाटलं, नवी टाकून दिलीय, भलं झालं. घरी आल्यावर मोठ्या फाइली कॉपी करताना कळलं की वेग सेकंदाला साधारण ५०० एमबीच्या पुढे जात नाही. मूळची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची एसएसडी काढून घेऊन त्याच आकाराची पण साटा या मंद जातीची स्वस्त एसएसडी बसवली होती. एम.२ हे फक्त पट्टीच्या आकाराचं नाव आहे, वेग आतल्या जातीवर ठरतो. फसवणूक म्हणाल तर आहेच. पण खरं सांगायचं तर वर्ड उघडताना, पीडीएफ चाळताना आठ महिन्यांत मला फरक जाणवलेला नाही. फिरत्या हार्डडिस्कवरून एसएसडीवर आलं की माणूस चमकतो. साटावरून एनव्हीएमईवर जाण्यात माझ्यासारखीचं काही अडत नाही. तक्रार केली नाही, बदललीही नाही.

पडद्यावर मात्र अडून बसले होते, आणि त्याचा पश्चात्ताप नाही. याच मॉडेलचा १३६६ बाय ७६८चा पडदा आणखी स्वस्तात मिळत होता. देवनागरी वाचणाऱ्यांनी तो घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्या पडद्यावर बारा पॉइंटात रफार आणि अनुस्वार एकत्र आले की त्यांचा एकच ठिपका होतो, ‘र्थ’ आहे की ‘र्थं’ ते झूम केल्याशिवाय कळत नाही. दिवसाला शंभर वेळा झूम करायचं म्हणजे कामाचा एक तास तसाच गेला. मी १९२० बाय १०८०चा आयपीएस पडदा घेतला. रंग फिके आहेत, खिडकीशी बसलं की उजेड कमी पडतो, फोटोवाल्यांना आवडणार नाही. अक्षर मात्र स्वच्छ.

पहिले दोन महिने चांगले गेले. मग व्हिडिओ कॉल सुरू झाला की पंखा असा घोंघावायला लागला की पलीकडचे विचारायचे, “पाऊस पडतोय का तुमच्याकडे?” तापमान ९७ अंशांपर्यंत जात होतं. या प्रोसेसरची मर्यादाच १०० अंश, ती जवळ आली की तो स्वतःचा वेग कमी करून घेतो. मला वाटायचं विंडोज हँग होतंय. भाच्याने मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या जाळीवर धुळीची चक्क गोधडी. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून पापडासारखी. साफ करून नवी पेस्ट लावल्यावर त्याच कॉलला ८०-८२ अंश. खर्च नाममात्र, वेळ पाऊण तास. विकणाऱ्याने ‘पूर्ण सर्व्हिसिंग केलेला’ असं सांगून दिला होता, तेव्हा त्याने बहुतेक बाहेरून फडकं मारलं असावं.

एका बाबतीत मात्र पंखा साफ करूनही शांत होत नाही. ऑनलाइन व्हिडिओ हल्ली पुष्कळदा एव्ही१ या पद्धतीने दाबलेले येतात आणि ते उलगडण्याची सोय इंटेलच्या चिपमध्ये अकराव्या पिढीपासून आली. माझा बिचारा सगळं ओझं कोअरवर घेतो. व्हिडिओ जुन्या व्हीपी९मध्ये मागवणारं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकलं आणि निभावलं. ही तशी बारीक गोष्ट, पण जुनं यंत्र म्हणजे काय ते मला इथे कळलं. ते बिघडत नाही, भोवतालचं जग पुढे सरकतं.

बाहेरच्या मॉनिटरचाही असाच किस्सा. ४के मॉनिटर एचडीएमआयने जोडला तर कर्सर अडखळत चालायचा. मी मॉनिटरला नावं ठेवली, केबल बदलली. शेवटी सेटिंगमध्ये दिसलं की सेकंदाला ३०च चित्रं जात आहेत. या पिढीच्या एचडीएमआयची ४केसाठी झेप तेवढीच. यूएसबी-सी मधून डिस्प्लेपोर्टने जोडल्यावर ६० मिळाली. त्या केबलीने काम निभावलं.

बॅटरीचं प्रकरण सर्वांत त्रासाचं. सुरुवातीला अडीच तास मिळायचे, जानेवारीत दीडवर आले. पहिली नवी बॅटरी मागवली ती कुठल्याशा अनोळखी बनावटीची: ३० टक्के दाखवायची आणि तिथून थेट बंद. परत केली. दुसरी ‘ओरिजिनल’ म्हणून आली, तिच्या पाठीवरची तारीख २०१९ची! लिथियम-आयन बॅटरी न वापरता खोक्यात पडून राहिली तरी म्हातारी होते, त्यामुळे जुन्या साठ्यातली ओरिजिनल म्हणजे काही नवी नव्हे. तीही परत. तिसरी अलीकडच्या तारखेची मिळाली. आता साडेचार तास जातात, आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून ठेवते, कारण बहुतेक वेळ ती प्लगलाच असते.

चार्जरबद्दल एक ओळ: सोबत ४५ वॉटचा मिळाला होता, यंत्राला ६५ लागतो; तो बदलल्यावर काम चालू असतानाही चार्ज भरायला लागला.

रॅममध्ये चूक सर्वस्वी माझी. ८ जीबीची एकच पट्टी होती, दुसरी खाच रिकामी. भाचा म्हणाला होता, “आत्ताच दुसरी टाकून घे.” मी म्हटलं, नंतर बघू, जुन्या डीडीआर४ जातीची रॅम आहे, स्वस्तच होत जाणार. आणि मग २०२५च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या सर्व्हरांसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि साध्या पट्ट्यांचा तुटवडा पडला, त्यात डीडीआर४ही सापडली. फेब्रुवारीत मी ती पट्टी सप्टेंबरातल्या भावाच्या दुपटीहून जास्त देऊन घेतली. घेतल्याचा उपयोग झाला, नाही असं नाही. आठशे पानांची पीडीएफ आणि टॅबांची जत्रा एकत्र उघडली की आधी यंत्र गुदमरायचं, आता नाही. दोन पट्ट्या झाल्यामुळे मोठ्या मॉनिटरवर पानं सरकतातही जास्त सुरळीत, कारण या चिपचं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं. पण स्वस्त लॅपटॉप घेतल्याचा निम्मा आनंद त्या एका बिलात गेला.

हिशेब मांडला: मूळ किंमत, बॅटरी, रॅम, चार्जर, पेस्ट. एक-तृतीयांशाचा व्यवहार नव्याच्या निम्म्याच्या किंचित वर जाऊन पोचला. तरी घेतला ते बरं केलं का? या पैशांत मला नवं काय मिळत होतं ते बघावं लागेल. सुरुवातीच्या किमतीत मिळत होता सेलेरॉन एन४०२० प्रोसेसरवाला: दोन कोअर, ४ जीबी रॅम बोर्डालाच चिकटवलेली, ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा मंद साठवण). तो नवा असूनही माझ्या जुन्यापेक्षा मंद, आणि वाढवायची सोय नाही. तो मी आजही घेणार नाही. एकूण खर्चाच्या आसपास मात्र इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाले नवे लॅपटॉप येतात, आणि तिथे माझा आवाज जरा खाली येतो. एन१०० वेगात माझ्या आय५च्या जवळपास, वीज कमी खातो, एव्ही१ त्याला येतं, बॅटरी ताजी, वॉरंटी वेगळी. पाहिलेल्या दोन्हींचे पडदे मात्र दरिद्री होते आणि कीबोर्ड बोटाखाली लवायचा. माझं पोट कीबोर्डावर आणि पडद्यावर आहे, म्हणून मी जुन्याच्या बाजूने. कॉलेजच्या मुलाला दिवसभर प्लगपासून लांब राहायचं असेल तर मी एन१००कडे बोट दाखवेन.

आठ महिन्यांत काय टिकलं? कीबोर्ड, बिजागऱ्या, तळ. एकदा अर्ध्या मीटरवरून पडला, कोपऱ्याला टवका गेला, बाकी काही नाही. काय नाही आवडलं? ७२०पीचा कॅमेरा, त्यात मी नेहमी संध्याकाळी बसल्यासारखी दिसते. आणि वजन, दीड किलोच्या पुढे.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीला याच मॉडेलवर ‘खास सवलत’ सांगितली गेली. तिने मला किंमत कळवली आणि विचारलं, घेऊ का? मी तिला बॅटरी रिपोर्टचा फोटो मागवायला सांगितला, आणि रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का तेही. फोटो आला: ५८ टक्के. रॅमची पट्टी एकच. आजच्या भावाने बॅटरी आणि रॅम धरली तर सवलत उरतच नाही. तेवढे पैसे कमी करून मागितले आहेत, उत्तर अजून आलेलं नाही.