उच्चांकावर बिल की एकूण वापरावर?

आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवजड संगणकावर, झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या सॉफ्टवेअरचं बिल दोन तऱ्हांनी ठरू शकतं. जुन्या सब-कपॅसिटी पद्धतीत (यंत्राच्या पूर्ण क्षमतेऐवजी वापरावर बिल) सरत्या ४ तासांची एमएसयू-सरासरी (एमएसयू म्हणजे प्रोसेसरच्या वापराचं एकक) सतत मोजली जाते आणि तिचा महिन्यातला उच्चांक बिल ठरवतो. महिनाअखेरची एकच जड रात्र अख्खा महिना महाग करते. म्हणून लोक कॅपिंग लावतात, म्हणजे वापरावर मर्यादा घालतात, आणि बॅचची (एकगठ्ठा चालणारी) कामं मागे ढकलतात. मला हे फार खटकतं: यंत्रात ताकद शिल्लक असूनही काम ताटकळतं.

२०१९ मध्ये आलेल्या टेलर्ड फिट प्रायसिंगमध्ये वर्षभराचा एकूण वापर मोजतात. उच्चांकाची धास्ती नाही, पण ठरावीक वापराची हमी आधी द्यावी लागते. भार चढउताराचा असेल तर मी हीच निवडेन. सपाट भाराला जुनी पुरते.