कानापुढचं भोक लेसरने ‘बंद’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

कानाची वरची कड जिथे गालाजवळ येऊन मिळते, नेमकं तिथे काही जणांना जन्मतःच टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. डॉक्टर त्याला प्रीऑरिक्युलर सायनस म्हणतात. माझ्या भाचीच्या उजव्या कानाशी ते आहे. आमची आजी ती भाग्याची खूण मानायची. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही आणि त्रास नसेल तर त्याला हात लावायची गरजही नसते. भाचीला मात्र कॉलेजात असल्यापासून तिथे अधूनमधून सूज यायची, दाबलं की पांढरट, घाण वासाचं पाणी यायचं. गोळ्या घेतल्या की बसायचं, पुन्हा काही महिन्यांनी वर यायचं.

लग्न ठरलं, साखरपुड्याची तारीख निघाली आणि बहीण तिला नाशिकच्या कॉलेज रोडच्या बाजूच्या एका चकचकीत स्किन-हेअर क्लिनिकमध्ये घेऊन गेली. तिथल्या बोर्डावर ‘कॉस्मेटिक व प्लास्टिक सर्जरी’ असं ठळक लिहिलेलं. क्लिनिकचं नाव मी इथे देत नाही, प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. पण तिथे जे घडलं ते नाशिकमध्येच नव्हे, कुठल्याही शहरात घडू शकतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आत गेल्यावर आधी भेटली ती समुपदेशक म्हणवणारी मुलगी. तिने कानाकडे बघितलं, फोन काढला आणि ‘आधी’ व ‘नंतर’चे फोटो दाखवायला सुरुवात केली. मग पांढऱ्या कोटातले गृहस्थ आले. ते म्हणाले, “तुमची केस रेअर आहे मॅडम, नाशकात दुसरं कुणी हे करत नाही. लेसरने भोक सील करतो. टाका नाही, डाग नाही, अर्ध्या तासात घरी. साखरपुड्याच्या फोटोत दिसणारसुद्धा नाही.” पॅकेज 45 हजारांचं. त्यातले 20 हजार लगेच भरले तर सवलत, बाकीचे हप्त्यांनी. त्या दिवशी तिथे थोडा पू होता, सूज होती. तरीही “लेसरने जंतू मरतात” असं सांगून त्यांनी तिथेच, तेव्हाच काम उरकलं. ना पूची तपासणी, ना आधी औषधं.

या व्याधीत खरं काय होतं ते नंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आम्हाला कागदावर काढून दाखवलं. गर्भात बाहेरचा कान सहा लहान उंचवट्यांपासून घडतो. ते नीट जुळले नाहीत की मध्ये एक नळी राहून जाते. आपल्याला दिसतं ते फक्त तिचं तोंड. नळी आत वाकडीतिकडी जाते, कधी तिला फाटे फुटतात, आणि तिचं टोक बहुतेक वेळा कानाच्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, चिकटलेलं असतं. तिच्या आतून त्वचाच असते, म्हणून रोज थोडी मेलेली त्वचा आणि तेलकट द्रव तयार होतो आणि त्या भोकातून बाहेर पडतो. भोक जाळून बंद केलं की नळी जिथल्या तिथे राहते, घाण आत साचते आणि जंतूंना वाढायला बंद खोली मिळते. मोरीचं तोंड सिमेंटने लिंपलं म्हणून मोरी साफ होत नाही, तसंच. आणि ‘रेअर’ म्हणाल, तर या सायनसचं वर्णन वैद्यकाच्या ग्रंथांत 1864 पासून आहे. कान-नाक-घसा विभागात हा रोजच्या ओळखीचा आजार आहे.

भाचीचंही तेच झालं. वरची खपली छान दिसत होती, क्लिनिकने त्याचा फोटो काढून घेतला. काही दिवसांत कानापुढे लिंबाएवढी गाठ, ताप, जबडा उघडताना कळ. क्लिनिकला फोन केला तर “हीलिंग आहे, बर्फ लावा,” आणि शेवटी “आमच्या क्रीमचा कोर्स घ्यावा लागेल.” त्या मुलीची तेव्हाची अवस्था आठवली की अजून जीव तुटतो. साखरपुड्यात ती कानावरून पदर घेऊन बसली होती.

आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आधी पू काढला, तो तपासणीला पाठवला आणि अँटिबायोटिक सुरू केलं. ऑपरेशन लगेच करायला त्यांनी ठाम नकार दिला. संसर्ग पूर्ण शमल्याशिवाय नळीची हद्द नीट दिसत नाही, तुकडा मागे राहतो आणि आजार परततो, असं त्यांनी समजावलं. काही आठवड्यांनी भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. भोकाभोवती डोळ्याच्या आकाराचा छेद घेऊन अख्खी नळी, तिला चिकटलेल्या कूर्चेच्या छोट्या तुकड्यासकट काढली आणि पॅथॉलॉजीला पाठवली. लेसरने झालेल्या व्रणामुळे काम जास्त अवघड गेलं, हेही त्यांनी केस पेपरवर लिहून दिलं. तो कागद आज आमच्या फार उपयोगी पडतो आहे.

एक गोष्ट त्यांनी आपणहून विचारली, जी त्या क्लिनिकने कधीच विचारली नव्हती: घरात आणखी कुणाला असं भोक आहे का, कुणाला कमी ऐकू येतं का, मानेवर कुठे छिद्र आहे का, मूत्रपिंडाचा आजार आहे का. या गोष्टी एकत्र असल्या तर त्यामागे आनुवंशिक विकार असू शकतो आणि मग ऐकण्याची तपासणी व मूत्रपिंडाची सोनोग्राफी करावी लागते. आमच्याकडे तसं काही निघालं नाही. पण खरा डॉक्टर कानाकडे बघतानाही पूर्ण माणूस बघतो, हे मला तेव्हा जाणवलं.

नंतर मी क्लिनिकचे कागद काढून बसले. बिलावर शस्त्रक्रियेचा, लेसरचा, कानाचा उल्लेखच नाही, ‘स्किन रिजुव्हेनेशन पॅकेज’ एवढंच. संमतीपत्र इंग्रजीत, उपचाराच्या नावाची जागा कोरी. भिंतीवरचं प्रमाणपत्र कॉस्मेटॉलॉजीच्या अल्पमुदतीच्या कोर्सचं होतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत त्या गृहस्थांचं नाव सापडलं नाही. प्लास्टिक सर्जन व्हायला साधारणपणे एमबीबीएस, मग एमएस जनरल सर्जरी, त्यानंतर प्लास्टिक सर्जरीतलं तीन वर्षांचं एमसीएच किंवा त्या तोडीचं डीआरएनबी लागतं. ज्या शहरात आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, तिथे कुणीही उठून बोर्डावर ‘प्लास्टिक सर्जरी’ लिहितो, याचा मला मनापासून संताप येतो.

पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी फेशियलची कूपनं देऊ केली आणि सोबत ‘आमची काही तक्रार नाही’ असा छापील कागद सहीसाठी पुढे सरकवला. बहिणीने सही केली नाही, हे फार बरं झालं. अशा कागदावर, समोरचं माणूस कितीही गोड बोललं तरी, सही करू नये.

पुढे आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. आधी लेखी अर्ज देऊन उपचाराची कागदपत्रं मागितली. नोंदणीकृत डॉक्टरने अशी मागणी आल्यावर 72 तासांत ती द्यायची असतात. इथे काहीच आलं नाही, आणि आमच्या अर्जाची पोचपावतीच पुरावा ठरली. महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे तक्रार दिली. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 च्या कलम 33 खाली गुन्हा आहे, हे अर्जात स्पष्ट लिहिलं. जिल्हा ग्राहक आयोगातही गेलो. पैसे देऊन घेतलेले वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात फी लागत नाही.

हप्ते मात्र अजून बँकेतून कापले जात होते, कारण कर्ज क्लिनिकचं नसून तिसऱ्याच वित्त कंपनीचं निघालं. त्या कंपनीलाही आम्ही तक्रारीत पक्षकार केलं आहे. भाचीच्या कानाचा तो खपलीवाला फोटो ‘यशस्वी उपचार’ म्हणून क्लिनिकच्या जाहिरातीत फिरतो आहे. तिची परवानगी त्यांनी कधी घेतली नव्हती. तो काढायला लावण्याचा अर्ज याच आठवड्यात दिला आहे.