राखणीच्या कुत्र्याला पोहायला शिकवायचंय : शेततळं बरं की तलाव?

नदीकाठच्या वस्तीवर राखणीचं कुत्रं असेल तर त्याला पोहता आलंच पाहिजे, हे मला 2019 च्या ऑगस्टनं शिकवलं. आम्ही शिरोळ तालुक्यातले, कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातले. पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा म्हशी ट्रॉलीतनं वर हलवल्या, वासरं हलवली, कडबा तर सोडूनच दिला, आणि शेरा, आमचा जर्मन शेफर्ड, रात्री दोन वाजता अनोळखी माणसाच्या अंगावर जाणारा गडी, तो गुडघाभर पाण्यात पाऊल टाकेना. ओढलं तर गळ्यातला पट्टा सोडवून परत गोठ्याच्या कट्ट्यावर जाऊन बसला. शेवटी बोटीवरच्या पोरांनी पोत्यासारखा उचलून आणला, आणि बोटीत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून एवढा थरथरत होता की मला ते अजून आठवतं.

लोकं म्हणतात कुत्र्याला पोहायला येतंच की, शिकवायचं काय त्यात. पाय हलवतं हे खरं, पण पहिल्यांदा खोल पाण्यात गेलेलं कुत्रं बघा कधी, उभंच्या उभं राहतं, पुढचे पाय पाण्यावर आपटत राहतं, मागचा भाग खाली जातो आणि थोड्याच वेळात दमतं. त्याला पोहणं म्हणत नाहीत. आणि कामाच्या कुत्र्याला पाणी नुसतं सोसून चालत नाही, त्याला ते आवडलं पाहिजे, नाहीतर ऐन वेळी ते कट्ट्यावरच बसतं.

तर शिकवायचं कुठं? आमच्या भागात खरं तर दोनच पर्याय, शेततळं नाहीतर पाझर तलाव, म्हणजे पाणी जमिनीत मुरावं म्हणून मातीचा बांध घालून अडवलेला. मी दोन्ही केलेत, शेराला शेततळ्यात आणि त्याच्यानंतर आलेल्या गुंड्याला तलावात. गुंड्या कारवान (शिकारी जातीचं सडपातळ कुत्रं) आणि गावठीचा क्रॉस आहे, त्यामुळं जात वेगळी, वय वेगळं, ही तुलना काय काटेकोर म्हणता येणार नाही. पण ज्याला आता ठरवायचंय त्याला उपयोग होईल म्हणून लिहितोय.

तिसरा पर्याय शहरातला कुत्र्यांसाठीचा स्विमिंग पूल. आमच्यापासून पुणे दोनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे एखादी ट्रिप होईल, सवय होणार नाही. म्हातारं कुत्रं, पायाचं ऑपरेशन झालेलं कुत्रं, त्याच्यासाठी उत्तम जागा आहे, राखणीच्या कुत्र्यासाठी मी तिकडं जाणार नाही. आणि चौथी नदी, तिचं नावच काढू नका. भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, आणि काठावर पाण्यात खेळणारं कुत्रं मगरीला लांबून कळतं.

शेततळ्याकडं मी गेलो त्याचं कारण सोपं होतं, बहिणीचं तासगावकडं द्राक्षाचं रान आहे आणि तिथं तीस बाय तीस मीटरचं तळं आहे. 2016 च्या मागेल त्याला शेततळे योजनेनंतर असली तळी गावोगावी झालीत, त्यामुळं तुमच्याही ओळखीत एखादं असेलच. पाणी स्वच्छ, खाली तळ दिसतो, काटा नाही, काच नाही, जाळं नाही, दुसरं कुत्रं नाही, भोवतीनं कुंपण. एप्रिलचं ऊन, पाणी वरच्या थराला कोमट. सुरुवात करायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही असंच मला वाटलं होतं, आणि पहिले चार-पाच दिवस तसंच होतं. शेराला पाठीवर हँडल असलेलं तरंगायचं जॅकेट घातलं, लांब दोरी छातीभोवतीच्या हार्नेसला लावली (गळ्यातल्या पट्ट्याला दोरी कधीच नको, पाण्यात ओढ बसली की गळाच आवळतो), आणि मी पाण्यात, भाचा काठावर. जॅकेटमुळं मागचा भाग आपोआप वर येतो, आणि एकदा पाठ पाण्याला समांतर झाली की कुत्र्याला स्वतःलाच कळतं की आता सोपं जातंय. आठवड्याभरात शेरा तळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेषेत पोहत होता. पोहण्याबद्दल माझी शेततळ्याविषयी काही तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती कागदाची. पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा तो कागद, पाचशे मायक्रॉनचा, ओला झाला की त्याच्यावर माणसाचा पाय टिकत नाही तिथं कुत्र्याचा काय टिकणार. वर तळ्याची बाजू अशी की दीड मीटर पुढं गेलं की एक मीटर खोल, त्यामुळं उथळ असा भागच नाही, दोन पावलांत तळ सुटतो. कुत्रं कडेला येतं, पुढचे पंजे लावतं, घसरतं, परत लावतं, परत घसरतं, नखं कागदावर वाजतात आणि तळ्याच्या मालकाचा जीव वरखाली होतो कारण एक भोक पडलं की पाणी झिरपायला लागतं. मग काय करायचं, दर खेपेला हँडल धरून वर ओढायचं. तीस-पस्तीस किलोचं ओलं कुत्रं, एका सकाळी दहा वेळा. पाठ दुखली त्याचं काही नाही. तेव्हा मला ती नुसती कटकट वाटत होती, पोत्याचे बारदान अंथरून बघितले, ते घसरून खाली गेले, दोरीला टायर बांधून सोडला तर शेरा त्याच्याकडं बघायलाही तयार नव्हता, कारण त्याला माहीत होतं, कडेला येऊन थांबलं की मालक ओढतो.

2021 च्या जुलैत परत पाणी आलं. या वेळी आम्ही लवकर निघालो, पण शेरा दोरीतनं सुटून मागं राहिला आणि नंतर पाण्यातनं पोहत आला, अगदी सुंदर पोहत आला, पाठ समांतर, तोंड वर, मला इतका आनंद झाला की मी हाका मारत होतो. आणि तो आमच्या रानाच्या बांधापाशी आला आणि थांबला. मातीचा बांध, गवत, आरामात चढता येईल असा. तो चढलाच नाही. पुढचे पंजे बांधाला लावून, पाय मारत, माझ्याकडं बघत राहिला. ओढून काढायची वाट बघत होता. मी पन्नास फुटांवर होतो, मधे वाहतं पाणी, ओरडत होतो चल वर, चल वर, आणि तो फक्त बघत होता. पाण्यानं त्याला बांधाच्या कडेनं खाली सरकवत नेलं तेव्हा कुठं मागच्या पायाला माती लागली आणि तो वर आला. ते मिनिटभराचं असेल, मला जास्त वाटलं.

म्हणजे मी त्याला पोहायला शिकवलं आणि बाहेर यायचं माझ्यावर ठेवलं. या एका गोष्टीनं माझं मत फिरलं, बाकीचे शेततळ्याचे फायदे मग कितीही मोजले तरी ते पारडं वर येत नाही.

गुंड्याला म्हणून 2022 च्या उन्हाळ्यात पाझर तलावावर घेऊन गेलो. तिथं शिकवायला वेळ दुप्पट लागला हे आधीच सांगतो. गुंड्या पहिले तीन दिवस काठावरनं फिरला, वास घेतला, पाणी प्यायला, बस. मी काही केलं नाही, ओढलं नाही, ढकललं नाही, मीच पाण्यात जाऊन बसलो. चौथ्या दिवशी शेराला सोबत नेलं आणि खरं काम त्यानं केलं, शेरा पाण्यात गेला तसा गुंड्या मागनं पोटापर्यंत आला, आणि पोटाला पाणी लागलं की कुत्री मागं फिरतात, तसा फिरला. पण फिरून तो आपल्याच पायांनी बाहेर आला. हे मला शेततळ्यात कधीच बघायला मिळालं नव्हतं. आत जायचं, नको वाटलं की बाहेर यायचं, परत जायचं, दिवसाला वीस-पंचवीस वेळा. तळ कुठं सुटतो आणि परत कुठं लागतो हे त्याच्या पायांना पाठ झालं. नववा का दहावा दिवस असेल, लाकडाचा ओंडका पुढं टाकला (चेंडू नको, तोंड उघडं ठेवून फार वेळ आणत बसलं की पोटात पाणी जातं, जास्त गेलं तर कुत्रं झिंगल्यासारखं करतं आणि ते गंभीर असतं, ओंडका चपटा आणि छोटा घ्या), आणि ओंडक्याच्या मागं जाता जाता तळ कधी सुटला हे त्याला कळलंच नाही.

आता तलावाचं वाईट तेही सांगतो, कारण ते कमी नाही. काठाला वेडी बाभूळ, पंजात काटा घुसला की चार दिवस लंगडणार. मासे धरणाऱ्यांची नायलॉनची जाळी, यासाठी खिशात चाकू पाहिजेच, आणि कुठं जाळी लावलीत हे आदल्या दिवशी त्यांना विचारायचं, ते सांगतात. गाळ. मे महिन्यात पाणी आटलं की वर हिरवी साय धरते, ती दिसली की त्या दिवशी घरी परत, त्यातली काही शेवाळं विषारी असतात आणि कुत्रं अंग चाटतं. जनावरं उतरतात तिथलं पाणी, त्यामुळं लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या लघवीतनं पाण्यात येणारा रोग) इंजेक्शन झालेलं असू द्या, डॉक्टरांना विचारून. आणि पिण्याच्या पाण्याचा तलाव असेल तर तिथं न्यायचंच नाही, गावाचं म्हणणं बरोबर असतं. शेततळ्यात यातलं काहीच नाही, हे मान्य.

तरीपण. यातली प्रत्येक गोष्ट बघून, विचारून, वेळ बदलून टाळता येते. कागदाचं तसं नाही.

जातीचा फरक पडतो, तेवढा धरून चला. लॅब्रॅडॉर मुळात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचं कुत्रं, अंगावर तेलकट दुहेरी केस, शेपटी सुकाणूसारखी, त्याला शेततळ्यातही मजा येईल, फक्त पहिल्याच दिवशी तासभर पोहू देऊ नका, दुसऱ्या दिवशी शेपटी लुळी पडते, दोन-चार दिवसांत बरी होते पण मालक घाबरतो. कारवानसारखं हडकुळं कुत्रं, छाती खोल, अंगावर चरबी नाही, ते मागनं बुडतं आणि लवकर गारठतं, त्याला जॅकेट महिनाभर काढू नका आणि एका वेळी पाच-सात मिनिटं पुरे. कुठल्याही जातीला खाऊन झाल्यावर दोन तास तरी पाणी नको. घरी आल्यावर कान आतनं फडक्यानं कोरडे करा, लोंबत्या कानाच्या कुत्र्याचे तर नक्कीच.

2024 च्या जुलैत पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडून गेली तेव्हा आमच्या खालच्या रानात पाणी होतं. गुंड्या त्यातनं ये-जा करत होता, कुणी न सांगता, बांधावर चढून अंग झाडायचा आणि परत उतरायचा. शेरा आता म्हातारा झालाय, त्याला आम्ही आधीच वरच्या वस्तीवर नेऊन ठेवलं होतं.

ज्याच्याकडं शेततळं सोडून दुसरं काही नाही त्यानं शिकवूच नये असं मी म्हणणार नाही. पण मग एका कोपऱ्यात खडबडीत फळ्यांचा रुंद उतार करून घ्या, वर बारदान खिळ्यानं ठोकून, खालचं टोक पाण्यात चांगलं चार फूट जाईल असा, वरनं झाडाला किंवा खुंटीला पक्का बांधलेला, आणि फळीखाली जुनी सतरंजी घाला म्हणजे कागद फाटणार नाही. पहिला आठवडा फक्त त्या फळीवरनं खाली-वर, पोहणं नाहीच. आणि मग एप्रिलमध्ये एकदा तरी, लांब पडलं तरी, मातीच्या काठावर घेऊन जा आणि ते स्वतःहून वर येतंय का बघा, हात पुढं न करता.