अलेप्पीची हाऊसबोट: फोटोतली बोट धक्क्याला आलीच नाही

अलेप्पीला हाऊसबोट ठरवताना एजंट तुम्हाला फोटो पाठवेल, व्हिडिओ पाठवेल, जेवणाचा मेनूही पाठवेल. तुम्ही त्याच्याकडे बोटीचा नोंदणी क्रमांक मागा. केरळात नोंदणी झालेल्या हाऊसबोटीचा क्रमांक 'केआयव्ही' या अक्षरांनी सुरू होतो आणि तो बोटीवर रंगवलेला असतो. आगाऊ रक्कम देण्याआधी हा क्रमांक लेखी मिळत नसेल, तर पुढे बोलूच नका. आम्हा आठ मित्रमैत्रिणींचे 38,000 रुपये ज्या रीतीने गेले, ती सगळी रीत क्रमांक न देण्याच्या या एका गोष्टीच्या आधारावर चालते, हे आता आम्हाला नीट कळलंय. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

नाताळाच्या आधीचा शनिवार-रविवार होता. कॉलेजपासूनचे आम्ही आठजण, चार खोल्यांची बोट हवी होती. एजंट स्वतःला बोटीचा मालक म्हणवत होता. फोटोतली बोट सुंदर होती: वरचा डेक, खोल्यांना काचेच्या मोठ्या खिडक्या, पुढच्या बाजूला निळ्या गाद्यांचे झोपाळे. एसी दिवसभर, जेवणखाण सगळं धरून 38,000. त्याच दर्जाच्या बोटींचे बाकीच्यांनी सांगितलेले भाव थोडे जास्त होते, पण इतकेही नाही की संशय यावा. हे मुद्दाम सांगतो, कारण फसवणूक म्हटली की लोकांना अर्ध्या किमतीचं आमिष आठवतं. इथे तसं काही नव्हतं. तो फोन उचलायचा, प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचा, रात्री अकरालाही 'हां सर, बोलिए सर'.

20,000 आगाऊ यूपीआयने गेले. खात्यावर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं. 'मॅनेजरचं खातं आहे सर.' मग व्हाउचर आलं. त्यावर आमची नावं, तारीख, रक्कम, चढण्याची वेळ दुपारी बारा, उतरण्याची दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ, आणि बोटीच्या रकान्यात एवढंच: 'चार बेडरूम प्रीमियम हाऊसबोट किंवा तत्सम'. बोटीचं नाव नाही, क्रमांक नाही. क्रमांक आम्ही विचारला होता. 'सर, त्या दिवशी सकाळी कळवतो, सगळ्या बोटी आपल्याच आहेत,' हे त्याचं उत्तर.

'किंवा तत्सम' हे दोन शब्द व्हाउचरवर दिसले की थांबा. हॉटेलात खोली बदलून मिळते तेव्हा निदान हॉटेल तेच असतं. इथे अख्खी बोट बदलते आणि कागदानुसार ते चुकीचं ठरत नाही. 'प्रीमियम', 'लक्झरी', 'डिलक्स' हे शब्दही ज्याचे त्याने लावलेले असतात. केरळच्या पर्यटन खात्याची श्रेणी वेगळी आहे, गोल्ड स्टार आणि सिल्व्हर स्टार अशी, आणि ती ज्या बोटीला मिळालेली असते तिच्याकडे तसं प्रमाणपत्र असतं. ते दाखवायला सांगायला काहीच हरकत नाही.

कोचीच्या विमानतळावर उतरून आम्ही गाडीने निघालो. अलेप्पी जवळ आलं तेव्हा फोन आला: 'सर, फिनिशिंग पॉइंटला येऊ नका, तिथे फार गर्दी आहे, मी दुसरं लोकेशन पाठवतो.' फिनिशिंग पॉइंट म्हणजे पुन्नमडा तलावावरची ती जागा, जिथे नेहरू ट्रॉफीच्या नौकांची शर्यत संपते. हाऊसबोटी तिथे ओळीने लागलेल्या असतात. गर्दी असते हे खरंच आहे. पण त्या गर्दीत दहा बोटवाले असतात, भाव विचारता येतो, बोटी डोळ्यांनी बघता येतात, आणि समोरचा फसवतोय असं वाटलं तर पाठ फिरवून दुसऱ्याकडे जाता येतं. आम्हाला जिथे बोलावलं तिथे शेताकडेने जाणारी एक अरुंद वाट होती, तिच्या टोकाला सिमेंटच्या चार पायऱ्या आणि एक टपरी. गाडीवाला सामान उतरवून निघून गेला. बोट एकही नव्हती.

मुंडू नेसलेला एक तरुण होता. त्याने उरलेले 18,000 मागितले, रोख. बोट दहा मिनिटांत येतेय, पण पैसे आधी, पावती बोटीवर मिळेल. आम्ही म्हटलं, बोट बघू आणि मग देऊ. त्याचा आवाज जराही चढला नाही. शांतपणे म्हणाला, पैसे जमा झाल्याचा निरोप गेल्याशिवाय बोट निघत नाही, आणि तुम्ही जितका उशीर कराल तितका तुमचाच फिरण्याचा वेळ कमी होईल. साडेबारा वाजून गेले होते. ऊन तापलेलं, आठ माणसांचं सामान पायऱ्यांवर, हंगाम ऐन भरातला, आयत्या वेळी चार खोल्यांची दुसरी बोट मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. हे सगळं त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं. आमच्यातली एक मैत्रीण बँकेत आहे. ती ठाम राहिली की रोख एक रुपयाही देणार नाही, यूपीआयनेच देऊ. खूप घासाघीस झाल्यावर त्याने एक तिसराच नंबर दिला. पुढे तक्रार करताना तिच्या या हट्टाचाच आम्हाला आधार झाला, म्हणून तुम्हीही रोख देऊ नका.

पैसे गेल्यावर पाचेक मिनिटांत बोट आली. एकमजली. वरचा डेक नाहीच. छपराचे विणलेले तट्टे काळे पडलेले, मधे एका ठिकाणी निळी ताडपत्री खिळ्यांनी ठोकलेली. मागच्या दोन खोल्या इंजिनाला लागून, त्यामुळे उशीला, चादरीला, टॉवेलला डिझेलचा वास. एका खोलीची खिडकी रंगाचे थरावर थर बसून कायमची बंद झालेली. पुढच्या टोकाला जिथे क्रमांक असायला हवा, तिथे काथ्याचं पायपुसणं वाळत घातलं होतं. मी ते उचलून बघितलं. खाली 'केआयव्ही' आणि पुढचे काही आकडे, उरलेले झिजून गेलेले की मुद्दाम खरवडलेले, कोण जाणे.

एजंटला फोन लावला. 'सर, त्या बोटीचं इंजिन काल रात्री बिघडलं, ही सेम कॅटेगरी आहे.' त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा फोन बंद.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण कुट्टनाडवर राग धरण्याचं काही कारण नाही. पंबा आणि इतर नद्या वेंबनाड तलावाला मिळतात तो हा मुलूख. इथली भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. डेकवर उभं राहिलं की आपण पाण्यावर आणि बांधापलीकडचं शेत आपल्या पायाखालच्या पाण्यापेक्षा खोल, तिथे वाकून काम करणारी माणसं, बदकांचे थवे. पूर्वी याच कालव्यांतून केट्टुवळ्ळम नावाच्या, फळ्या काथ्याने शिवून बांधलेल्या होड्या तांदूळ वाहायच्या, आणि आजच्या हाऊसबोटी त्यांच्याच पुढच्या पिढीतल्या. हे सगळं बघण्यासाठी आम्ही आलो होतो, आणि त्यातला निम्मा वेळ आमच्याकडून काढून घेतला गेला, याचं दुःख पैशांपेक्षा जास्त आहे.

साडेतीनला बोट एका काठाला बांधली. सारंग, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला, आता रात्रभर इथेच. एरवी बोट बांधायची वेळ साडेपाचची. संध्याकाळनंतर मच्छीमार जाळी टाकतात, त्यामुळे हाऊसबोटी काठाला लावाव्या लागतात, आणि ते योग्यच आहे. पण साडेपाच आणि साडेतीन यांत दोन तासांचं डिझेल वाचतं. तुम्ही बुकिंग करताना 'दोन दिवस, एक रात्र' असं ऐकाल. प्रत्यक्षात दुपारी बारा ते सकाळी नऊ हे एकवीस तास असतात आणि त्यातले चालत्या बोटीचे जेमतेम पाच-सहा. ते किती, हे आधी लिहून घ्या. एसीचंही तसंच. दिवसभर म्हणून सांगितलेला एसी रात्री नऊ ते सकाळी सहाच चालतो असं बोटीवर कळलं. अनेक बोटींवर ही पद्धत आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण आम्ही पैसे दिवसभराच्या एसीचे मोजले होते.

जिथे बोट बांधली तिथे काठावर मासळीची टपरी होती. बर्फावर करीमीन आणि मोठी कोळंबी, भाव लिहिलेला नाही. स्वयंपाक्याने सांगितलं, हवं ते घ्या, मी करून देतो. आमच्यातल्या दोघांनी कोळंबी निवडली, वजन झालं, आणि आकडा ऐकून ती परत ठेवली तर टपरीवाला म्हणाला, आता कापायला घेतली. त्याच्याशी वाद घालायला कोणाच्या अंगात जोर उरला नव्हता. मासळी घ्यायची असेल तर आधी किलोचा भाव विचारा, मग वजन करू द्या. आणि बोट तिथेच का थांबली, हाही प्रश्न सारंगला विचारा.

या सगळ्यापेक्षा मला जास्त घाबरवणारी गोष्ट वेगळी. रात्री पाऊस येईल असं वाटलं म्हणून एकाने लाइफ जॅकेटं कुठे आहेत ते विचारलं. स्वयंपाकघराच्या माळ्यावरून, भांड्यांच्या मागून, पाच निघाली. आम्ही आठ आणि बोटीवरचे तिघे. त्या पाचांतल्या दोघांचे पट्टे तुटलेले, एकाचा फोम बाहेर आलेला. 7 मे 2023 ला केरळातच, तानूरला, प्रवासी बोट उलटून 22 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. ती मासेमारीची बोट बदलून प्रवाशांसाठी वापरली जात होती आणि तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती. आमच्या बोटीवर ती आठवण कोणी मोठ्याने काढली नाही. चढताना प्रत्येकाला जॅकेट मिळेपर्यंत बोट सोडू देऊ नका. खोल्या जुनाट असल्या तरी एक रात्र निघते. जॅकेटच्या बाबतीत तडजोड करायची नाही.

बोटीवरच्या तिघांचा मात्र दोष नाही, असं आमचं आठही जणांचं मत आहे. जेवणानंतर सारंग, त्याला आम्ही चेट्टा, म्हणजे दादा, म्हणत होतो, मोडक्या हिंदीत बोलू लागला. ही बोट वेगळ्याच माणसाची. एजंटचा फोन त्या दिवशी सकाळी दहाला आला: चार खोल्या, एक रात्र, 17,000. एवढ्या पैशांत डिझेल, जेवण आणि तिघांची मजुरी भागवायची, म्हणून साडेतीनला बोट बांधली, हे त्याने स्वतःहून सांगितलं. म्हणजे 38,000 तले 21,000 त्या माणसाकडे राहिले, ज्याची बोटच नव्हती. चांगल्या बोटीचं बुकिंग घ्यायचं, पैसे गोळा करायचे, आणि ठरल्या दिवशी सकाळी धक्क्यांवर जी सगळ्यात स्वस्त रिकामी बोट असेल ती पाठवायची. क्रमांक आधी दिला असता तर हे जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी उतरल्यावर आम्ही फिनिशिंग पॉइंटला गेलो आणि फोटोतली बोट तिथे उभी होती. निळ्या गाद्यांचे तेच झोपाळे. तिच्या खलाशाला फोटो दाखवले. तो हसला नाही, वैतागला. त्यांच्या मालकाचा या एजंटशी काही संबंध नाही, त्यांचे फोटो उचलून आणखीही कोणकोण वापरतात, आणि आमच्यासारखे लोक अधूनमधून येऊन त्यांच्याशीच भांडतात, असं त्याने सांगितलं. इंजिन बिघडल्याचं विचारलं तर म्हणाला, काल पाहुणे घेऊन दिवसभर पाण्यात होतो.

बोट जेट्टीजवळ जिल्हा पर्यटन परिषदेचं कार्यालय आहे. तिथल्या बाईंनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, व्हाउचर उलटसुलट बघितलं आणि विचारलं, यावर बोट कुठली ते कुठे लिहिलंय? कुठली बोट द्यायची होती हेच कागदावर नाही, तर दुसरी दिली हे दाखवायचं कसं? तुमच्यापैकी कुणाला अलेप्पीला जायचं असेल तर या कार्यालयात आधी चौकशी करा, नंतर जाऊन आमच्यासारखं व्हायला नको.

घरी आल्यावर 1930 या सायबर हेल्पलाइनवर नोंद केली, कारण पैसे ऑनलाइन गेले होते. ही नोंद जितकी लवकर होईल तितकी बरी, पुढच्या खात्यात पैसे हलण्याआधी ते गोठवण्याची संधी तेवढीच असते. आमच्या बाबतीत पहिल्या खात्यात काही उरलेलं नव्हतं. 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथेही तक्रार केली. आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे. एजंट केरळात म्हणून तिथे जावं लागेल असं आम्हाला वाटत होतं, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. तक्रारीसोबत फोटो पाठवलेले मूळ मेसेज, त्याचे 'दिवसभर एसी' म्हणणारे आवाजी निरोप, दोन्ही यूपीआय व्यवहार, बोटीवरच्या अर्धवट क्रमांकाचा फोटो आणि माळ्यावरून काढलेल्या जॅकेटांचा व्हिडिओ जोडला आहे.

नोटीस पोहोचल्यावर दोनच दिवसांत त्याचा फोन आला, तोच गोड आवाज. 6,000 परत करतो, तक्रार मागे घ्या. आम्ही आठही जणांनी मिळून नाही म्हणून सांगितलं आहे, आणि त्याचा तो फोनसुद्धा रेकॉर्ड करून आयोगाला दिला आहे.