जुन्या सुटकेसवर कागदी कोलाज: उन्हाळा अन पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

संक्रांतीच्या सुमारास केलेली सुटकेस पोळा होऊन गेला तरी रोजच्या वापरात आहे, म्हणून आता लिहितो. नवं कोलाज पहिले काही दिवस सगळ्यांचंच भारी दिसते, खरी परीक्षा आमच्याकडच्या हवेत होते. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, घर टिनाचं, मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असली की टिनाखाली काय होते ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, अन मंग पाऊस लागला की तीच खोली ओलसर.

सुटकेस आठवडी बाजारातल्या भंगारवाल्याकडून घेतली, आत पुठ्ठा अन वरून रेक्झिन. घेताना कड्या लागतात का अन बिजागरी शाबूत आहे का एवढं पाहा, रेक्झिन थोडं उखडलेलं असलं तरी चालते. गुळगुळीत प्लास्टिकची नका घेऊ, त्याच्यावर गोंद धरतच नाही. कुबट वास जायला आत खायचा सोडा पसरून बंद ठेवली, मंग उन्हात उघडी, अन वरून १२० नंबरचा पॉलिश पेपर मारून सगळी चमक काढली.

चिकटवायला मुद्दाम दोन प्रकार वापरले. झाकणावर पांढरा गोंद, खालच्या भागावर मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट). बाइंडिंगवाले हेच करतात, नाहीतर कसर अन झुरळं मैद्यासाठी कागद कुरतडतात. मोरचूद विषारी आहे, लेकरांच्या हाती लागू देऊ नका अन स्वयंपाकाचं भांडं तर वापरूच नका.

झालं असं की मे महिन्यात झाकणाच्या कडा उचलल्या, कारण पांढरा गोंद गरमीनं नरम पडते अन कोरडा झालेला कागद आकसते. खळीचा भाग हललाही नाही. पावसाळ्यात मात्र खळीच्या बाजूला, जिथं कागदावरून मारलेलं वार्निश पातळ बसलं होतं तिथं, काळे ठिपके आले. तरीही माझं मत खळीच्याच बाजूनं आहे, फक्त वार्निशचे हात सढळ द्या अन दोन हातांच्या मधात पूर्ण वाळू द्या.

कागदाचं म्हणाल तर एसटीची जुनी पातळ तिकिटं सगळ्यात मस्त बसतात, कोपऱ्यावरही सुरकुती नाही. लग्नपत्रिका जाड, पाण्यात भिजवून वरचा थर सोलून घ्यावा लागते. पत्रिकेवरचा गणपती मायनं आधीच कापून बाजूला ठेवायला लावला, सुटकेस खाली जमिनीवर ठेवतो ना, अन मला ते पटलंही. पेपरची कात्रणं पिवळी पडली, त्या कागदात लाकडाचा अंश राहते म्हणून, पण मला तो रंग आवडते. इंकजेट प्रिंट पाणी लागलं की पसरते, झेरॉक्स पसरत नाही, म्हणून झाकणाच्या मधोमध लावलेला शकुंतला रेल्वेचा फोटो झेरॉक्सच आहे. मूर्तिजापूर-यवतमाळची ती नॅरोगेज गाडी पाहून घरी येणारा प्रत्येक म्हातारा माणूस थांबते अन आपल्या प्रवासाच्या गोष्टी सांगते, ह्याच्यासाठीच मी म्हणीन की आपल्या भागातलेच कागद लावा, बाजारातले परदेशी फुलांचे छापील कागद नको.

आता टिनाची पेटी करायला घेतोय. तिला आधी गंज घासून रेड ऑक्साइड मारावा लागते, नाहीतर ओल्या खळीनं गंज कागदातून वर येते.