उरलेला रविवार: पुस्तक खपवायचं की वाचायचं?

नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याचं लेखन पहाटेच होतं, त्यात तडजोड नाही. प्रश्न रविवारचा. साताऱ्यात राहणाऱ्यापुढे दोन वाटा: स्वतःच्या पुस्तकामागे धावायचं, नाहीतर भिलारला, पुस्तकांच्या गावी, जाऊन दुसऱ्याचं वाचायचं.

छोट्या प्रकाशकाला जाहिरात परवडत नाही. मुखपृष्ठ व्हॉट्सॲपवर आपणच फिरवायचं, वाचनालयांत प्रती आपणच पोचवायच्या. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला गेलं तर दोन-चार प्रती हातोहात जातात, वर एखादा वाचक तोंडावर सांगतो, ‘शेवट गुंडाळलात की हो!’ हे घरबसल्या मिळत नाही. पण एकदा पोस्ट टाकली की हात सारखा फोनकडे जातो, आणि सोमवारची पहाटही त्यातच वाहून जाते. माझ्या मते खरा तोटा हाच.

भिलार 4 मे 2017 पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली. कुठं कथा-कादंबऱ्या, कुठं चरित्रं. तिथंच बसायचं, हवं ते काढायचं, पैसे पडत नाहीत. वाचताना ‘हे आपल्याला वापरता येईल’ असं मनात आलं, की मी पुस्तक ठेवून सरळ विनोदी काहीतरी उचलतो. (लेखकाला निव्वळ मजेसाठी वाचणं जमता जमत नाही.) खप अर्थात शून्य.

पुस्तक नवंकोरं असेल तर पहिले तीन-चार महिने धावावं. पुढं मात्र भिलारच. तोवर निम्म्या मित्रांनी आपला ग्रुप म्यूट केलेला असतो.