काठी की रील? इंदूरहून तंबू घेऊन निघणाऱ्या नवशिक्यासाठी

वय पस्तीस-चाळीस, घरात कुणी कधी मासे धरलेले नाहीत, पण दोन-तीनदा तंबू लावून झाल्यावर पाण्याकाठी नुसतं बसवत नाही. इंदूरच्या मराठी मित्रमंडळींत अशांची संख्या वाढते आहे, आणि पहिला प्रश्न एकच असतो: साधी काठी घेऊ की रीलवाला रॉड? माझ्या मते आधी पाणी ठरवावं, मग हत्यार. पण पाणी ठरलेलं नसेल तर काठीनेच सुरुवात करावी, असं मी ठामपणे सांगेन.

काठी म्हणजे बारा-पंधरा फुटांचा बांबू, किंवा एकात एक सरकणारी घडीची फायबरची काठी. टोकाला जवळपास काठीइतकाच लांब दोरा, त्यावर पाण्यावर तरंगणारा फ्लोट, खाली शिशाचे दोन-चार मणी आणि गळ. संपलं. रीलच्या रॉडला दोरा गुंडाळायची फिरकी असते; तिच्यावरची दोरा अडवणारी कडी उघडायची, दोरा तर्जनीवर धरायचा आणि फेकताना नेमक्या क्षणी सोडायचा. लवकर सुटला तर शिसं आभाळात जातं, उशीर झाला तर पायाशी पडतं. दोरा सैल गुंडाळला गेला की पुढच्या फेकीला गुंता ठरलेला.

घराजवळ तलाव असेल तर हे सगळं हळूहळू जमतं. तंबूच्या सहलीत वेळच कमी असतो. मासा तोंड लावतो तो मुख्यतः पहाटे आणि दिवस कलल्यावर. संध्याकाळचा निम्मा वेळ तंबू ठोकण्यात आणि चूल पेटवण्यात जातो. उरलेला गुंता सोडवण्यात गेला तर त्या सहलीत पाण्याबद्दल काहीच शिकून होत नाही. काठी असेल तर दहाव्या मिनिटाला गळ पाण्यात असतो आणि नजर फ्लोटवर.

शिकायचं ते तिथेच आहे. आधी खोली मोजा. गळाला जड शिसं अडकवून जिथे बसायचं तिथेच सोडा. फ्लोट बुडाला तर त्याचं गळापासूनचं अंतर खोलीपेक्षा कमी आहे, तो वर सरकवा. आडवा पडला तर अंतर जास्त आहे, खाली घ्या. टोक जेमतेम पाण्याबाहेर राहिलं की तळ सापडला. आता ठरवायचं की आमिष कुठे ठेवायचं. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, कटला वरच्या. कटल्याचं वर वळलेलं तोंड पाहिलं की हे पटतं. तळाला कणकेची गोळी असेल आणि फ्लोट बुडण्याऐवजी किंचित वर येऊन कलला, तर माशाने आमिष उचललं, शिशाचं वजन सुटलं. चिलापी मात्र टकटक करत फ्लोट नाचवतो. हा फरक हाताला कळू लागला की पुढे कुठलंही साधन उचला, उपयोगी पडतो.

मग रील कधी? नर्मदेवरच्या इंदिरा सागर जलाशयाच्या काठी, हनुवंतिया बाजूला मुक्काम असेल तर. हिवाळा सरत जातो तसं जलाशयाचं पाणी मागे हटतं, चिखलाचा उतरता काठ उघडा पडतो आणि पुढे लांबवर गुडघाभर पाणी. काठी तिथे पोचतच नाही. पंचवीस-तीस मीटरवर आमिष टाकायचं तर रील हवी. दुसरं कारण मोठा मासा. काठीला बांधलेल्या ठरावीक लांबीच्या दोऱ्यावर पाच-सहा किलोचा कटला लागला तर दोरा तुटतो किंवा काठी. रीलला ड्रॅग असतो, ताण वाढला की दोरा आपोआप सुटतो. तो दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच कसावा. चार किलोचा दोरा असेल तर साध्या ताणकाट्याला बांधून ओढा, एक किलोच्या आसपास दोरा सुटू लागला पाहिजे. सात फुटी रॉड, २५०० किंवा ३००० मापाची रील आणि ०.२८–०.३० मिलिमीटरचा नायलॉनचा एकपदरी दोरा पुरे. विणलेला दोरा नवशिक्याने घेऊ नये, त्याचा गुंता कापूनच काढावा लागतो. आणि निघण्याआधी मोकळ्या मैदानात, गळ न लावता, नुसतं शिसं बांधून फेकायचा सराव करा. पैशाचं म्हणाल तर रॉड आणि रीलच्या जोडीला बांबूच्या कित्येक पट खर्च येतो.

हातदोऱ्याचंही नाव बरेच घेतात. तो होडीतून ठीक. काठावरून नको, मोठा मासा लागला तर बोटं कापतो.

गळाच्या टोकाजवळचा उलटा दात पकडीने दाबून टाका, दोन्ही प्रकारांत. बोटात गळ रुतला तर सहज निघतो आणि मासा सोडायचा असेल तर त्याचं तोंड फाटत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत मासा शिजत नाही, तेव्हा सोडण्याची वेळ येणारच. हात ओले करून धरा; कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे रोगाला बळी पडतो.

आता पाणी. पहिल्या एक-दोन सहलींसाठी ओळखीच्या शेतकऱ्याचा तलाव सगळ्यांत चांगला. परवानगी एका माणसाकडून मिळते, काठ जवळ असतो, काठी पुरते. फक्त वर बघा. शेतांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि लांब काठी, विशेषतः कार्बनची किंवा ओली, तारेजवळ गेली तर जीव जातो. इंदूरजवळच्या चोरल धरणाकडे जाणार असाल तर तिथल्या काठावर काठी आणि रील दोन्ही चालतात. यशवंत सागर आणि सिरपूर ही दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आलेली. तिथे नवशिक्याने पक्षी बघायला दुर्बीण न्यावी, गळ नको. महेश्वर किंवा ओंकारेश्वरच्या घाटावर गळ टाकायचा विचारही करू नका, लोक तिथे माशांना कणकेच्या गोळ्या घालायला येतात.

धरणाच्या खालच्या अंगाला नर्मदेच्या पात्रात उतरून बसण्याचा मोह मात्र जिवावर बेततो. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावास्येच्या स्नानाला जमलेले भाविक इंदिरा सागरातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, हे आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. वीज बनवायला पाणी सुटतं तेव्हा कोरडे खडक बघता बघता बुडतात. तंबू आणि बैठक दोन्ही धरणाच्या वरच्या जलाशयाकाठी ठेवा.

परवानगीचं सोपं सूत्र असं: मोठ्या जलाशयांतली मासेमारी राज्याच्या सहकारी मत्स्य महासंघाच्या हाती असते, गावतलाव पंचायतीमार्फत मच्छीमार समित्यांना पट्ट्याने दिलेले असतात. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकूच नये. १६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते, कारण रोहू-कटला याच दिवसांत अंडी घालतात. महाशीर गळाला लागला तर तो राज्यमासा आहे, तिथल्या तिथे सोडा. धरणांनी वाहतं पाणी अडल्यापासून नर्मदेत तो फार कमी उरला आहे. पाऊस संपून पाणी निवळलं की, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शिकायला उत्तम. कडक थंडीत रोहू-कटल्याची जात खायला आळसते.

राहिला गुरू. गाठ मारायला व्हिडिओ चांगला: दोरा गळाच्या डोळ्यातून ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेळा पिळायचा, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत घ्यायचं आणि ओढण्याआधी थुंकीने ओलं करायचं, नाहीतर घर्षणाने नायलॉन कमजोर होतो. त्यापुढे काठावरचा केवट, म्हणजे तिथला नावाडी-मच्छीमार. इंदिरा सागराखाली गावं, शेतं, झाडं बुडाली आहेत, हरसूद हे गाव तर २००४ मध्ये आख्खं उठलं. बुडालेल्या खोडांत गळ कुठे अडकतो आणि मासा कुठून येतो, हे त्याला रोजच्या कामाने ठाऊक असतं. एका सकाळचे पैसे आधी ठरवा, तो सांगेल तिथे बसा आणि त्याच्या जाळ्याच्या रेषेपासून गळ लांब ठेवा. जाळं फाटलं तर त्या दिवसाची त्याची मिळकत जाते.